फवाऱ्याची भाजी घरी आल्यावर : नव्याने स्वयंपाकघर सांभाळणाऱ्यांसाठी

चंपाषष्ठी झाली की जळगावच्या बाजारात भरताच्या वांग्यांचे ढीग दिसू लागतात. बामणोद, आसोदा या गावांची नावे घेऊन विकले जाणारे, फिक्या हिरव्या रंगाचे आणि एका हातात न मावणारे हे वांगे. २०१६ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. ते हातात घेतले की आधी जाणवते ती त्याची चकाकी. ही चकाकी म्हणजे सालीवरचा नैसर्गिक मेणाचा पातळ थर असतो, आणि शेतात या वांग्यावर जे काही फवारले गेले असेल त्याचा बराचसा भाग याच थरावर बसलेला किंवा त्यात मुरलेला असतो. नुसते पाण्यात बुचकळून काढलेले वांगे ओले होते, स्वच्छ होतेच असे नाही.

शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी जळगाव, धुळे, नंदुरबारला खोली घेऊन प्रथमच स्वतःच्या हाताने रांधणाऱ्या मुलामुलींसाठी, तसेच नुकतेच घर मांडलेल्यांसाठी हा लेख लिहीत आहे. माझे लहानपण भाजीपाला पिकवणाऱ्या घरात गेले आणि पुढची सगळी वर्षे तीच भाजी विकत घेण्यात गेली, त्यामुळे बांधाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. भाजी कशात भिजवावी याची चर्चा घरोघरी फार होते. माझ्या मते ती चोळून धुणे आणि फवारा कधी झाला हे विचारून घेणे, या दोन गोष्टींना त्याहून अधिक महत्त्व आहे.

एक शब्द आधी स्पष्ट करतो. आपल्याकडे शेतात कोणी ‘कीटकनाशक’ म्हणत नाही. सगळे ‘औषध’ म्हणतात, मग ते अळीचे असो की बुरशीचे. या लेखात मी ‘कीडनाशक’ हा शब्द दोन्हींसाठी वापरला आहे, आणि फवारणीनंतर भाजीवर किंवा भाजीत जे उरते त्याला ‘अंश’ म्हटले आहे.

अंश नेमका कुठे असतो

धुण्याची कोणतीही पद्धत ठरवण्यापूर्वी हे समजून घ्यावे, कारण पुढचे सगळे यावर अवलंबून आहे. कीडनाशके ढोबळमानाने दोन प्रकारची असतात. स्पर्शजन्य औषध पानाच्या वा फळाच्या पृष्ठभागावरच राहते. मॅन्कोझेब हे टोमॅटो, बटाटा, मिरचीवर सर्रास वापरले जाणारे बुरशीनाशक या प्रकारचे आहे. आंतरप्रवाही औषध मुळांतून किंवा पानांतून झाडात शिरते आणि रसाबरोबर झाडभर फिरते. मावा, तुडतुडे, पांढरी माशी यांसारख्या रस शोषणाऱ्या किडींसाठी वापरली जाणारी इमिडाक्लोप्रिड आणि थायामेथोक्झाम ही औषधे अशी आहेत. म्हणजे अंश तीन ठिकाणी सापडतो : सालीवर मोकळा पडलेला, सालीच्या मेणात अडकलेला आणि थेट गरात उतरलेला. पहिला पाण्याने जातो, दुसरा चोळल्याने, सोड्याच्या पाण्याने किंवा साल काढल्याने बराच कमी होतो, आणि तिसऱ्यावर स्वयंपाकघरात फारसा इलाज नसतो. त्याचा बंदोबस्त शेतातच, फवारणी आणि तोडणी यांत पुरेसे दिवस सोडूनच व्हावा लागतो.

शिवाय फवाऱ्याच्या पाण्यात बहुतेक वेळा चिकटद्रव्य मिसळलेले असते, म्हणजे पाऊस आला तरी औषध धुऊन जाऊ नये. जे द्रावण पावसाला दाद देऊ नये म्हणून तयार केले आहे ते आपल्या दोन मिनिटांच्या बुचकळण्याला कशी दाद देईल, याचा विचार करावा. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्याच्या कृषी संशोधन केंद्राने २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नळाच्या पाण्याखाली भाजी आणि फळे किमान ३० सेकंद धरून धुतली असता तपासलेल्या १२ पैकी ९ कीडनाशकांचे अंश लक्षणीय प्रमाणात कमी झाले. त्यातली ध्यानात ठेवण्याजोगी बाब अशी की कोणते औषध पाण्यात किती विरघळते याचा या घटीशी संबंध आढळला नाही. काम केले ते वाहत्या पाण्याच्या रेट्याने आणि घर्षणाने.

बाजारात

खान्देशातल्या आठवडे बाजाराचा एक फायदा मोठ्या शहरांतल्या माणसाला मिळत नाही. इथे पाटीमागे बसलेला माणूस अनेकदा स्वतः शेतकरी असतो. अडत्याकडून लिलावात माल घेऊन हातगाडीवर विकणाऱ्याला फवारणीची तारीख माहीत असण्याचे कारण नाही, पण शेतकऱ्याला ती पक्की माहीत असते. अमळनेर-धुळ्याकडच्या बाजारात ‘भाऊ, फवारा कव्हय मारेल शे?’ (कधी मारला आहे) एवढे विचारले तरी पुरते. पहिल्या वेळी तो हसेल, दुसऱ्या वेळी उडवाउडवीचे उत्तर देईल, आणि दर आठवड्याला तुम्ही त्याच्याकडेच येता हे लक्षात आले की खरे सांगू लागेल, कधी कधी स्वतःहून ‘आज भेंडी नका नेऊ, गिलके न्या’ असेही म्हणेल. असा एखादा विक्रेता जोडणे ही माझ्या मते पहिली पायरी आहे आणि तिला पैसे लागत नाहीत.

हा प्रश्न इतका महत्त्वाचा का, हे मी आमच्याच शेतावरून सांगू शकतो. भेंडीचा तोडा एक दिवसाआड करावा लागतो. दोन दिवस राहिली तर ती निबर होते आणि बाजारात कोणी विचारत नाही. अळी दिसली की वडील संध्याकाळी पंप पाठीवर घेत आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोडा होई, कारण तो बाजाराचा दिवस असे. विहिरीजवळच्या दोन ओळी मात्र आईने कधी फवारू दिल्या नाहीत. त्या ओळींतली भेंडी वाकडी, भोके पडलेली असे आणि घरी तीच शिजे. सरळ, टवटवीत माल गोणीत भरून जाई. डब्यावर काय लिहिले आहे हे घरात कोणी वाचले नव्हते, आणि वाचले असते तरी भेंडी थांबणार नव्हती.

प्रत्येक औषधाच्या लेबलावर किंवा सोबतच्या पत्रकावर, फवारणीनंतर तोडणीपूर्वी किती दिवस थांबायचे हे पिकागणिक दिलेले असते. त्याला प्रतीक्षा कालावधी म्हणतात. एमामेक्टिन बेंझोएट या अळीच्या औषधासाठी तो वांग्यात ३ दिवस, तर भेंडीत ५ दिवस आहे. क्लोरॅन्ट्रॅनिलिप्रोल १८.५ टक्के या औषधासाठी टोमॅटोत ३, भेंडीत ५ आणि वांग्यात तब्बल २२ दिवस आहे. शेंडे व फळ पोखरणाऱ्या अळीने वांग्याचा जीव खाल्ला की शेतकरी जोरकस औषध शोधतो आणि वांग्याचा तोडा तर तीन-चार दिवसांनी करावाच लागतो. २२ आणि ४ या दोन आकड्यांमधली ही दरी पाण्याने भरून निघत नाही.

विकत घेताना आणखी काही गोष्टी पाहाव्यात. हंगामाची भाजी घ्यावी : थंडीत मेथी, पालक, फुलकोबी, वांगी, पावसाळ्यात गिलके, दोडके, कारले आणि आपोआप उगवणाऱ्या रानभाज्या. हंगामाबाहेर पिकवलेल्या भाजीला कीड-रोग अधिक सतावतात आणि तिच्यावर फवारे अधिक पडतात. दर आठवड्याला तीच ती भाजी न घेता आलटून पालटून घ्यावी, म्हणजे एकाच औषधाचा अंश सतत पोटात जात नाही. ‘अळी आहे म्हणजे फवारा नाही’ हा समज मात्र सोडून द्यावा. अळी फळात शिरल्यानंतर मारलेला फवारा अळीला लागत नाही, सालीला लागतो. तसेच पृष्ठभागावर पांढुरके वा निळसर डाग दिसले तर ती भाजी बाजूला ठेवावी, पण डाग नाहीत म्हणजे अंश नाही असेही मानू नये. ज्या कीडनाशकाची मर्यादा एखाद्या पिकासाठी स्वतंत्रपणे ठरवलेली नाही, त्याच्यासाठी भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरण किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम ही मर्यादा धरते. एका किलोत एका मिलिग्रॅमचा शंभरावा भाग डोळ्यांना, नाकाला किंवा जिभेला कळणे शक्य नाही. त्यासाठी प्रयोगशाळाच लागते.

भेंडी, परवल, मटार यांचा रंग अनैसर्गिक गडद वाटला तर द्रवरूप पॅराफिनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा त्यावर घासून पाहावा. बोळा हिरवा झाला तर मॅलॅकाइट ग्रीन हा रंग चोळलेला असतो. ही भेसळ आहे, तिचा कीडनाशकाशी संबंध नाही, पण बाजाराच्या ओट्यावर दोन्ही शंका एकाच वेळी मनात येतात म्हणून सांगितले.

धुण्याची रीत

ज्या गावांत उन्हाळ्यात नळाला आठवड्याने पाणी येते तिथे ‘भाजी वाहत्या पाण्याखाली धरा’ हा सल्ला ऐकून गृहिणीला हसू येईल. म्हणून आधी कमी पाण्याची रीत सांगतो. दोन मोठी पातेली किंवा गंज, एक चाळणी आणि एक तांब्या एवढे साहित्य पुरते.

प्रथम स्वतःचे हात साबणाने धुऊन खळखळून घ्यावेत. त्यानंतर भाजी निवडावी, म्हणजे कुजका, पिवळा, मातीचा भाग काढावा; मात्र वांगी, मिरची, भेंडी, टोमॅटो यांची देठे या टप्प्यावर काढू नयेत, आणि कोणतीही भाजी चिरू तर मुळीच नये. देठ काढल्यावर किंवा भाजी चिरल्यावर उघड्या पडलेल्या भागातून धुण्याचे मळके पाणी आत जाते, आणि क जीवनसत्त्वासारखे पाण्यात विरघळणारे घटक मात्र बाहेर पडतात. आपल्याकडे बटाटा चिरून मग धुण्याची जी सवय आहे ती किमान इतर भाज्यांना लावू नये.

मग पहिल्या पातेल्यात भाजी बुडेल इतके पाणी घेऊन ती दोन-तीन मिनिटे राहू द्यावी, म्हणजे माती आणि सुटा थर निघतो. त्यानंतर एकेक फळ हातात घेऊन, डाव्या हाताने तांब्याची बारीक धार सोडत, उजव्या हाताच्या बोटांनी ते सगळीकडून चोळावे. एका फळाला अर्धा मिनिट द्यावा. घड्याळ लावून पाहिले तर अर्धा मिनिट किती मोठा असतो हे कळते. सवयीने आपण पाच-सात सेकंदच देत असतो. खाली पातेले धरले की हेच पाणी पुढच्या वेळच्या पहिल्या भिजवणीला वापरता येते, आणि पहिल्या भिजवणीचे पाणी अंगणातल्या निंबाला किंवा शोभेच्या झाडाला घालता येते. शेवटी चाळणीत उपसून, जुन्या सुती पंचाने किंवा धोतराच्या तुकड्याने प्रत्येक फळ कोरडे पुसावे. पुसणे हा निव्वळ टापटिपीचा भाग नाही. सुटलेला पण पाण्याच्या थेंबात उरलेला अंश फडक्याला लागून जातो. ते फडके भाजीसाठीच वेगळे ठेवावे आणि रोज धुवावे.

नळाला भरपूर पाणी असेल तर हेच सगळे धारेखाली करावे. दोन्ही रीतींत चोळणे तेवढे सुटता कामा नये.

भाजीगणिक

वांगे सर्वांत आधी घेतो, कारण ते आपले आहे. देठाजवळची हिरवी काटेरी टोपी फळाला जिथे चिकटलेली असते तिथे फवाऱ्याचे पाणी साचते आणि सुकते; म्हणून टोपीच्या कडेखाली बोट फिरवून तो भाग धुवावा, आणि नंतर टोपीसकट देठ कापताना अर्धा बोट गरही जाऊ द्यावा. भरीत करताना साल काढूनच टाकली जाते, त्यामुळे सालीवरच्या अंशांच्या बाबतीत भरीत ही वांग्याची बरी तऱ्हा आहे. तरीही भाजण्यापूर्वी वांगे चोळून धुवावेच, कारण पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळात भाजलेले वांगे सोलताना काळी साल बोटांना लागते, तीच बोटे गरात जातात, आणि बडगीत (लाकडी भांड्यात) ठेचताना सालीचे चार तुकडे राहूनच जातात. भाजलेले वांगे सोलण्यासाठी पाण्याचा हात लावावा आणि ते पाणी गरात पडू देऊ नये. भरल्या वांग्याला मात्र साल राहते, म्हणून त्या लहान वांग्यांना सोड्याच्या पाण्याची पायरी जोडावी. ती पुढे सांगतो.

फुलकोबी हे सर्वांत अवघड प्रकरण आहे. चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी तिच्यावर तुटून पडते, फवारे वारंवार होतात आणि गड्ड्याच्या फटींत बोट जात नाही. हिच्यापुरता ‘आधी चिरू नये’ हा नियम मोडावा : सगळी हिरवी पाने काढून टाकावीत, गड्ड्याचे मोठे तुरे हाताने वेगळे करावेत, ते कोमट मिठाच्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून हलवावेत आणि मग धारेखाली उलटे धरून धुवावेत. उलटे धरल्याशिवाय दांड्यांमधले निघत नाही. पत्ताकोबीचे वरचे दोन-तीन पदर निर्दयपणे काढून टाकावेत. आतले पदर गड्डा वळल्यामुळे बऱ्यापैकी झाकलेले असतात.

पालेभाज्यांचे पृष्ठफळ वजनाच्या मानाने प्रचंड असते, म्हणून त्यांच्यावर अंशही वजनाच्या मानाने जास्त बसतो. मेथी, पालक, पोकळा, शेपू, आंबट चुका, कोथिंबीर यांची जुडी बांधलेल्या अवस्थेत धुणे व्यर्थ आहे. जुडी सोडावी, मुळे कापावीत, भाजी मोठ्या पातेल्यात भरपूर पाण्यात मोकळी सोडून हाताने वरखाली करावी, आणि पाणी ओतण्याऐवजी भाजी वर उचलून काढावी. पाणी ओतले तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवर येते. असे तीन वेळा करावे. पहिल्या वर्षी मी उत्साहाच्या भरात कोथिंबिरीची अख्खी जुडी मिठाच्या पाण्यात अर्धा तास ठेवली होती. ती काळपट, लिबलिबीत झाली आणि दुसऱ्या दिवशी वास मारू लागली. कोथिंबिरीला मीठ लावू नये. साधे पाणी तीनदा, पंचावर पसरून वाळवणे आणि मग डब्यात कागद घालून ठेवणे पुरते.

भेंडीवर बारीक लव असते आणि तिच्यात सगळे अडकते. चोळून धुऊन, कोरडी पुसून मगच चिरावी. कोरडी नसेल तर भाजी चिकट होतेच. मिरची ठेच्यात कच्चीच किंवा जेमतेम भाजून जाते, त्यामुळे तिला अधिक वेळ द्यावा. फुलकिडे आणि चुरडा-मुरडा (पाने आकसणारा रोग) यांच्या धास्तीने मिरचीवर फवारे फार होतात. टोमॅटोच्या देठाच्या खळग्यात पाणी साचते, तो भाग चाकूने टोकदार काढून टाकावा. दुधी, दोडके, गंगाफळ, काकडी यांची साल काढायची असली तरी आधी धुवावीत, नाहीतर चाकू साल आणि गर दोन्हींतून फिरतो. गवार, वालाच्या शेंगा चोळून धुऊन मग निवडाव्यात.

मीठ, सोडा, चिंच : काय किती

साध्या पाण्याने चोळून धुतल्यानंतर कोणाला आणखी एक पायरी करायची असेल तर सर्वांत भरवशाचा पुरावा खाण्याच्या सोड्याचा आहे. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ मध्ये सफरचंदांवर थायाबेंडाझोल आणि फॉस्मेट ही दोन औषधे लावून पाहिले. १ टक्का सोड्याच्या पाण्यात १२ ते १५ मिनिटे ठेवल्यावर पृष्ठभागावरचे अंश निघून गेले. मात्र सालीतून आत शिरलेला भाग, जो आंतरप्रवाही थायाबेंडाझोलच्या बाबतीत सुमारे २० टक्के आणि फॉस्मेटच्या बाबतीत ४.४ टक्के होता, तो धुण्याने निघाला नाही. सफरचंद म्हणजे वांगे नव्हे, आणि दोन औषधे म्हणजे सगळी औषधे नव्हेत. तरी मेणकट सालीच्या भाजीसाठी हा मार्ग समजून-उमजून वापरता येतो. प्रमाण असे : १ लिटर पाण्यात १० ग्रॅम म्हणजे चहाचे साधारण दोन सपाट चमचे खाण्याचा सोडा, १५ मिनिटे, आणि त्यानंतर साध्या पाण्याने नीट खळबळणे. धुण्याचा सोडा हा वेगळा पदार्थ आहे, तो अन्नाला लावू नये.

मिठाचे पाणी २ टक्क्यांचे करावे, म्हणजे लिटरला २० ग्रॅम, चहाचे सुमारे चार सपाट चमचे. त्याने फुलकोबीतल्या अळ्याही बाहेर येतात, आणि खरे तर आपल्या आज्यांनी ते त्यासाठीच वापरले. चिंचेच्या पाण्याची शिफारस केरळ कृषी विद्यापीठाच्या वेल्लायणी येथील अवशेष प्रयोगशाळेने केली आहे. ज्यांच्या घरी चिंचेचे झाड आहे त्यांनी करून पाहावे. मीठ, सोडा, चिंच एकाच पातेल्यात घालू नये. सोडा आणि आंबट एकत्र आले की फेस दिसतो आणि दोन्हींचा गुण संपतो.

मिठाचे किंवा सोड्याचे पाणी झाडांना घालू नये. आपल्या काळ्या जमिनीत क्षार आधीच कमी नाहीत.

हे करू नये

भांड्यांचा साबण, कपड्यांची पावडर किंवा जंतुनाशक द्रव भाजीला लावू नये. भाजी ते शोषून घेते आणि आपण एक अंश काढण्यासाठी दुसरा घालतो. ब्लीचिंग पावडर किंवा क्लोरीनचे पाणी जंतूंसाठी असते, कीडनाशकांसाठी नाही. उलट क्लोरपायरीफॉससारख्या काही औषधांचे क्लोरीनमुळे अधिक विषारी ऑक्सॉन रूपात परिवर्तन होऊ शकते. पोटॅशियम परमँगनेटचेही तेच : ते जंतूंसाठी वापरले जाते, त्याचे प्रमाण घरी अंदाजाने चुकते आणि भाजी डागाळते.

भाजी धुण्याची तयार द्रावणे आणि यंत्रे आता बाजारात बरीच आहेत. आम्हीही एक यंत्र घेतले होते. पाण्यात बुडबुडे येत, खालून तपकिरी फेस निघे, आणि तो फेस म्हणजेच विष असे विक्रेत्याने सांगितले होते. एके दिवशी मी त्यात आमच्या गच्चीवरची, कधीच काही न फवारलेली मेथी घातली. तितकाच तपकिरी फेस आला. तो मातीचा होता. यंत्र आता माळ्यावर आहे. कनेक्टिकटच्या ज्या केंद्राचा वर उल्लेख केला त्याने भाजी-फळे धुण्याच्या चार तयार द्रावणांचीही तुलना केली होती आणि ती साध्या पाण्यापेक्षा सरस ठरली नाहीत.

शिजवल्याने काय होते

‘उकळले की सगळे मरते’ हे जंतूंच्या बाबतीत बरोबर आहे. कीडनाशक जिवंत नसते, म्हणून ते मरत नाही. काही औषधे उष्णतेने मोडतात, काही वाफेबरोबर उडतात, काही शाबूत राहतात आणि काही मोडून वेगळेच काही तयार होते. मॅन्कोझेब हे याचे ठळक उदाहरण आहे. तापवल्यावर त्याच्यापासून इथिलीन थायोयुरिया हा पदार्थ तयार होतो आणि तो मूळ औषधापेक्षा अधिक चिंतेचा मानला जातो. त्यामुळे टोमॅटो न धुता थेट उकळून सार किंवा प्युरी करणे हा फार चुकीचा क्रम आहे. आधी चोळून धुणे, मग उकळणे, मग साल काढून ती टाकून देणे हा योग्य क्रम होय. फुलकोबी किंवा पालक उकळत्या पाण्यात दोन मिनिटे घालून ते पाणी फेकून देण्याने अंश आणखी कमी होतात, पण त्याबरोबर जीवनसत्त्वेही जातात. हा व्यवहार मी फुलकोबीपुरता मान्य करतो, पालकाला लावत नाही. लहान मुले वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक खातात, म्हणून त्यांच्यासाठी दुधी, गंगाफळ, बटाटा, गाजर अशा सोलून शिजणाऱ्या भाज्या निवडाव्यात.

वाळवणाचा वेगळा हिशेब

खान्देशात चैत्र-वैशाखाच्या उन्हात गवार, मेथी, कारल्याच्या चकत्या वाळवून ठेवण्याची रीत अजून आहे, आणि नंदुरबारच्या पथारींवर लाल मिरचीचे गालिचे पसरलेले सर्वांनी पाहिलेले असतात. वाळवताना पाणी उडते, औषध तेवढ्या प्रमाणात उडत नाही. साधारण चार किलो ओल्या लाल मिरचीची एक किलो सुकी मिरची होते. म्हणजे अंश तोच राहिला तरी किलोमागे त्याचे प्रमाण कित्येक पटींनी वाढते. उन्हाने काही औषधे मोडतात, सगळी नाहीत. म्हणून घरी जे वाळवायचे ते वाळवण्यापूर्वीच चोळून, तीन पाण्यांनी धुवावे. वर्षाच्या मसाल्यासाठी आणलेली सुकी मिरची धुवायला धीर होत नाही, कारण आत ओल राहिली तर बुरशी येते आणि बुरशीचे विष हे औषधाच्या अंशापेक्षा लहान संकट नाही. तिच्यासाठी घट्ट पिळलेल्या ओल्या फडक्याने मूठमूठ मिरची पुसावी, देठे काढावीत आणि दोन कडक उन्हे द्यावीत. वैशाखातली उन्हे ह्या कामी कमी पडत नाहीत.

स्वतः पिकवत असाल तर

गच्चीवर चार कुंड्या असोत की बांधावर एक वाफा, घरच्यासाठी पिकवताना फवारा टाळणे शक्य असते. पाच टक्के निंबोळी अर्क हा जुना, स्वस्त आणि उपयोगी उपाय आहे : ५०० ग्रॅम निंबोळीची भरड रात्री पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून पिळून गाळावी, एकूण १० लिटर पाणी करावे आणि त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळून संध्याकाळी फवारावे. त्यातला ॲझाडिरॅक्टिन हा घटक उन्हात लवकर मोडतो, म्हणून सकाळी फवारण्यात अर्थ नाही. पांढरी माशी आणि माव्यासाठी पिवळे चिकट सापळे, वांग्याच्या अळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत, आणि वांग्याचा वाळलेला शेंडा दिसताच तो अळीसकट खुडून जाळावा.

औषध घ्यावेच लागले तर कृषी सेवा केंद्रात ‘जोरात चालणारे काही द्या’ असे म्हणू नये. पिकाचे आणि किडीचे नाव सांगावे, आणि लेबलावर त्या पिकाचे नाव छापलेले आहे का ते तिथेच वाचावे. मोनोक्रोटोफॉससारख्या औषधाला भाजीपाल्यावर २००५ पासूनच बंदी होती, तरी ‘कपाशीचे उरलेले’ म्हणून ते वांग्यावर जाताना मी पाहिले आहे. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण औषध किती विषारी आहे ते सांगतो. किती दिवस थांबायचे ते सांगत नाही. शंका असल्यास पाल (जि. जळगाव), धुळे, नंदुरबार येथील कृषी विज्ञान केंद्रांत विचारावे. खान्देश ज्याच्या कार्यक्षेत्रात येतो त्या राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या शिफारशीही तिथे मिळतात.

फवारणी झाली की त्याच दिवशी घरातल्या कालनिर्णयावर त्या चौकोनात औषधाचे नाव लिहावे आणि प्रतीक्षा कालावधी मोजून तोडणीच्या तारखेला खूण करावी. आमच्या घरी आता धाकटा भाऊ हे करतो. मधल्या दिवसांत तयार झालेली वांगी तोडावीच लागतात, नाहीतर झाड पुढचे फळ धरत नाही. ती घरी आणायची नाहीत, बाजारात न्यायची नाहीत आणि गुरांनाही घालायची नाहीत. बांधाच्या कडेला खड्डा करून त्यात टाकायची आणि वर माती ओढायची. भाऊ पहिल्यांदा तो खड्डा बुजवत होता तेव्हा वडील दोन क्रेट वांग्यांकडे बघत उभे होते, आणि त्या दिवशी लिलावात भाव काय निघाला हे त्यांनी संध्याकाळी फोन करून मुद्दाम विचारून घेतले.